अंगणातल्या कोंबड्या आणि शेजाऱ्यांचं नाक

खुराडेवाला
शेजारच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय: "शहरात कोंबड्या म्हणजे वास, कलकलाट आणि बर्ड फ्लूला आवतण. सरसकट बंदी घाला." म्हणून हे लांबण.

वास कोंबडीचा नसतो, ओल्या तुसाचा असतो. विष्ठा ओली राहिली की अमोनिया सुटतो. खाली ३-४ इंच भाताचं तूस, पत्रा दीड फूट पुढे काढलेला, आणि पाण्याचं भांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला. जमिनीवर ठेवलं की पायाने उकरून पाणी सांडतात आणि तिथलंच तूस आधी कुजतं. मूठभर तूस दाबून बघा. लाडू वळला तर तेवढं उचलून कंपोस्टात टाका. बर्ड फ्लूचं म्हणाल, तर २००६ चा देशातला पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्र्यांत निघाला, कुणाच्या परसात नाही.

तिसरा मजला
तूसपुराण आवडलं. जुलैत नवापूर सोडा, पुण्यातही मोकळं तूस दाखवा. आणि उद्रेक झाला की बाधित टापूत फार्म आणि परस दोन्हीकडच्या कोंबड्या मारतात, हे सोयीस्कर विसरलात.
घुशींबद्दल अवाक्षर नाही! रात्री भांड्यात उरलेला मका म्हणजे त्यांची खाणावळ.

चुनाप्रेमी
वर चुना भुरभुरवा, वास गायब. एवढं काय त्यात.

खुराडेवाला
ओल्या विष्ठेवर चुना टाकलात तर अमोनिया आणखी उसळतो. चुना रिकाम्या खुराड्याच्या भिंतींना लावायचा.
घुशींचं मान्य. तिन्हीसांजेला खाद्य उचला. षटकोनी कोंबडीजाळी नको, तिच्यातून मांजराचा पंजा आत जातो. अर्धा इंची वेल्ड मेश (तारा जोडलेली चौकोनी जाळी) लावा आणि खाली फूटभर बाहेर वळवून मातीत गाडा. मुंगूस भिंतीलगत उकरतं, जाळी लागली की सोडून देतं.

अंडेपारखी
हे सगळं गावरान अंड्यासाठीच ना? बाजारात तपकिरी कवच दाखवून लुटतात, त्यावर बोला कुणीतरी.

तिसरा मजला
आलं! आता धागा गेला.

खुराडेवाला
कवचाचा रंग जातीवर, बलकाचा खाद्यावर. पिवळा मका, शेवग्याचा पाला, झेंडूच्या पाकळ्या द्या, पांढऱ्या अंड्यातही बलक केशरी येतो. बाकी हिशेब करा: एका कोंबडीला दिवसाला १०० ग्रॅम खाद्य, वर्षाला ३६ किलो. किलोला ३५ रुपये धरले तर साडेबाराशे. गावरान वर्षाला ६०-७० अंडी देते, म्हणजे अंडं १८-२१ रुपयांना पडतं.

अंडेपारखी
म्हणजे लूट नाही? वा. मग खुडूक (अंडी उबवायला) बसली की तीन आठवडे अंडं बंद, तो खर्च कोण देणार?

खुराडेवाला
अहो, ६०-७० अंडी खुडूकपण धरूनच!

डोसवाला
अंड्यांचं नंतर भांडा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस कुणी देतं का? पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही लस, डोळ्यात एक थेंब. बूस्टर पाण्यातून द्यायचा तर नळाचं पाणी चालत नाही, क्लोरीनने लस मरते. बिनक्लोरीन पाण्यात लिटरला ५ ग्रॅम बिनसायीची दूध पावडर घाला आणि दोन तासांत संपवा. कुपी शेकड्याने डोसांची येते, म्हणून पाच कोंबड्यांवाला टाळतो आणि एका पावसाळ्यात खुराडं रिकामं होतं. तुमच्या धाग्यात हे कुठेच नाही.

खुराडेवाला
खरंय. गल्लीतल्या चार घरांनी एकाच दिवशी कुपी फोडावी.

तिसरा मजला
चार घरं! म्हणजे गल्लीभर कोंबड्या. बरं, पाचच कोंबड्या, अर्धा इंची जाळी, लस वेळेवर, आणि कोंबडा नाही म्हणजे नाही. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे, पहाटे चारला बांग नको.

खुराडेवाला
अंडी घालायला कोंबडा लागतच नाही. पण अंडं घातल्यावर कोंबडी कॅक-कॅक करणारच, तीही दिवसा.

तिसरा मजला
दिवसा मी ऑफिसात असतो. चालेल.