बिलिंगच्या सॉफ्टवेअरला माझा पब्लिक आयपी कामून पाहिजे?

मोंढेकरी (परभणी)
आमची मोंढ्यात आडत आहे. हंगामाच्या तोंडावर बिलिंगचं नवं सॉफ्टवेअर घेतलं. भाच्यानं कॉम्प्युटरवर फायरवॉल टाकून दिलाय, कोणता प्रोग्राम कुठं जातो ते त्यात दिसतं. तर हे सॉफ्टवेअर सुरू झालं की आधी बाहेरच्या कुठल्यातरी सर्व्हरला विचारतं, "माझा पब्लिक आयपी काय?" उत्तर आलं की ते आपल्या कंपनीला कळवतं, आणि मग आपली खिडकी उघडते.

हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी काढायची, एवढं याचं काम. त्याला माझा इंटरनेटवरचा पत्ता कशाला? हेल्पलाईनला विचारलं तर "सिक्युरिटीसाठी असतं सर" म्हणून फोन ठेवला. माझं मत सरळ आहे. हिशोब ठेवणाऱ्यानं हिशोब ठेवावा. न विचारता चौकशी करणारं सॉफ्टवेअर दुकानात नको.

वायरवाला_नांदेड
काका, मी नेटवर्किंगची कामं करतो म्हणून बोलतो, रागावू नका. तुमच्या कॉम्प्युटरला स्वतःचा बाहेरचा पत्ता माहीतच नसतो. त्याला राऊटरनं दिलेला १९२.१६८ नं सुरू होणारा घरगुती पत्ता माहीत असतो. तसले पत्ते परभणीत, नांदेडात, टोकियोत लाखो ठिकाणी एकसारखे चालतात. मोंढ्यात जसा गाळा नंबर असतो, पण बाहेरगावच्या ट्रकवाल्याला मोंढ्याचं गेट सांगावं लागतं, तसं. गेट कोणतं हे बहुतेकदा राऊटरला कळतं, आत बसलेल्या कॉम्प्युटरला नाही. म्हणून सॉफ्टवेअरला बाहेर विचारावं लागतं. यात चोरी काही नाही.

आणि ज्या सर्व्हरशी तुम्ही बोलता त्याला तुमचा पब्लिक आयपी दिसतोच. तो दिसल्याशिवाय त्यानं उत्तर पाठवायचं कुठं?

मोंढेकरी (परभणी)
दिसतोच म्हणता, तर मग वेगळा विचारून कळवायचा कामून? हेच तर मी विचारायलोय.

अंबाजोगाई_होस्टेल
हा प्रश्न बरोबर आहे, पण सगळ्याच सॉफ्टवेअरला लावू नका. व्हिडिओ कॉलमध्ये दोन फोन शक्यतो थेट एकमेकांशी बोलतात, मधे कंपनीचा सर्व्हर ठेवला तर आवाज उशिरा पोहोचतो आणि कंपनीचा खर्चही वाढतो. थेट बोलायचं तर "मी बाहेरून अमुक पत्त्यावर, अमुक पोर्टवर, म्हणजे त्या पत्त्याच्या अमुक दारावर, दिसतो" हे समोरच्याला सांगावं लागतं. त्यासाठी स्टन नावाची ठरलेली पद्धत २००३ पासून आहे. सर्व्हरला हाक मारायची, तो फक्त सांगतो की तू मला कसा दिसलास. घरी मित्रांसाठी गेमचा सर्व्हर उघडला तरी हेच. बाहेरून कुणी तुमच्याकडे येणार असेल तर पत्ता लागतोच.

वायरवाला_नांदेड
बरोबर. गोदामाचा कॅमेरा घरून बघायचा असेल तरी तेच. आपल्याकडं लाईट गेली की राऊटर बंद, लाईट आली की बऱ्याचदा नवा पत्ता. मग डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा, किंवा कॉम्प्युटर यातला एक छोटा प्रोग्राम दर काही मिनिटांनी पब्लिक आयपी तपासतो, आणि बदलला की ठरलेल्या नावापुढं नवा आकडा लिहून येतो. डायनॅमिक डीएनएस म्हणतात त्याला. तो तपासायचा थांबला तर मालक घरी बसून काळी स्क्रीन बघणार. व्हीपीएनवाले, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरमधून इंटरनेटवर जाणारे, तेही तपासतात, आपण खरंच व्हीपीएनमधून बाहेर पडतोय का ते कळायला.

कोरडवाहू (बीड)
कॅमेऱ्याचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं कशाचं सैन्य उभं केलं? अशाच इंटरनेटवर उघड्या असलेल्या कॅमेऱ्यांचं आणि डीव्हीआरचं, कंपनीचा मूळ पासवर्ड न बदललेल्या. त्याच सैन्याच्या हल्ल्यानं त्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाईट अर्धा दिवस आडव्या झाल्या होत्या. घरातून दिसावं म्हणून दार उघडं ठेवलं की गावालाही दिसतं.

आणि काकांच्या दुकानात बाहेरून कुणी येणारच नाहीये. बिलिंगचं सॉफ्टवेअर बाहेर जातं आणि परत येतं. म्हणजे कॉल, गेम, कॅमेरा ही सगळी कारणं इथं बाद.

सीए_ऑफिस_संभाजीनगर
जरा थांबा. बिलिंगच्या सॉफ्टवेअरला कारण असू शकतं, आणि ते सरकारी आहे. सॉफ्टवेअरमधूनच जीएसटीचं रिटर्न भरण्याची सोय असेल तर जीएसटी नेटवर्कच्या एपीआयला, म्हणजे सॉफ्टवेअरनं सॉफ्टवेअरशी बोलायच्या दाराला, प्रत्येक विनंतीसोबत वापरकर्त्याचा आयपी पाठवावा लागतो, त्यासाठी वेगळा रकाना आहे. सॉफ्टवेअर कंपनीची विनंती मधल्या जीएसपीच्या, म्हणजे जीएसटी नेटवर्कशी जोडून देणाऱ्या अधिकृत कंपनीच्या, सर्व्हरवरून जाते, म्हणजे सरकारला थेट दिसतो तो जीएसपीचा पत्ता. परभणीतला पत्ता कुणीतरी लिहून दिल्याशिवाय वर पोहोचणार नाही.

ई-इनव्हॉइसचं उलटं. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला ते बंधनकारक आहे, आणि एपीआयनं थेट जोडायचं तर आयपी आधी नोंदवून ठेवावा लागतो. नोंदीबाहेरच्या पत्त्यावरून आलात तर दारातूनच परत. शेअर बाजारातही सेबीनं फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात एपीआयनं ऑर्डर टाकणाऱ्यांना स्थिर आयपीची अट घातली. बनावट बिलांचे प्रकार रोज ऐकतो आपण. कुठून भरलं याची नोंद नको म्हणणाऱ्यांनी जरा आमच्या टेबलाशी येऊन बसावं.

कोरडवाहू (बीड)
रिटर्न महिन्यातून एक-दोनदा भरायचं. हे विचारायलंय रोज, सॉफ्टवेअर उघडलं की. जीएसटीच्या पदराआड किती लपणार?

नुसता आयपी म्हणजे काही नाही, हे मलाही कळतं. पण तो कुणाच्या शेजारी लिहिला जातो ते बघा. कंपनीकडं काकांचं नाव आहे, जीएसटी नंबर आहे, मोबाईल आहे. त्याला रोजचा आयपी आणि वेळ जोडली की दुकान कधी उघडतं, रविवारी काम कुठून चालतं, मुनीम घरून बिलं काढतो का, सगळं मांडून मिळतं. युरोपच्या न्यायालयानं २०१६ मध्येच म्हटलंय की बदलता आयपीसुद्धा वैयक्तिक माहिती ठरू शकतो, माणूस ओळखायचं कायदेशीर साधन हाताशी असेल तर. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याची व्याख्याही माणूस ओळखता येतो का यावरच उभी आहे. आणि हो, तो "माझा पत्ता सांग" म्हणून विचारलेला सर्व्हर कुणाचा? तिसऱ्याचाच. त्यालाही फुकटात यादी मिळाली.

किल्लारीकर
सिक्युरिटी सिक्युरिटी म्हणतात त्याचं मला हसू येतं. मी बसलोय लातूर जिल्ह्यात, आणि आयपीवरून जागा ओळखणारे मला कधी मुंबईत दाखवतात, कधी हैदराबादेत. इथं ऊन आणि फोन सांगतो छत्री घ्या.

वायरवाला_नांदेड
ते तसंच होणार. आयपीवरून कळतं ते इंटरनेट कंपनीचं, गावाचं नाही. देश मात्र बहुतेक वेळा बरोबर निघतो. परभणीच्या दुकानाचं खातं रात्री दोनला दुसऱ्या देशातून उघडलं तर थांबवायला तेवढं पुरतं.

पण एका बाबतीत मी काकांच्या बाजूनं आहे. काही कंपन्या लायसन्स आयपीला बांधतात, ते अगदीच बिनडोक काम. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, पत्ते जेमतेम ४२९ कोटी. जगाच्या मुख्य कोठारातला शेवटचा साठा ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपला. म्हणून आता कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच पब्लिक आयपी देतात. राऊटरच्या पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला आकडा दिसला तर समजा, तुम्ही त्या गर्दीत आहात. तिथं तुमचा पब्लिक आयपी "तुमचा" नसतोच. एकाला ब्लॉक केलं की गल्ली ब्लॉक. स्थिर पत्ता पाहिजे तर वेगळे पैसे.

अंबाजोगाई_होस्टेल
म्हणून तर आमच्या होस्टेलमध्ये एकानं काही उद्योग केला की सगळ्यांना कॅप्चा, म्हणजे "मी माणूस आहे" हे दाखवायची कोडी, सोडवत बसावं लागतं.

नव्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही६ मध्ये, हे बदलतं. कॉम्प्युटरला थेट पब्लिक पत्ता मिळतो, बाहेर विचारायचं कामच नाही. मोबाईलवर आपण बरेच जण आधीच त्यावर आहोत.

मोंढेकरी (परभणी)
सगळं वाचलं. जीएसटीचं कारण मला पटतंय, पण वायरवाले, तुम्ही माझ्या प्रश्नाला बगल दिली. जीएसपीला पाठवायचा असेल तर पाठवू द्या. माझं सॉफ्टवेअर आधी कंपनीच्याच सर्व्हरशी बोलतं ना? त्याला आयपी दिसतो. तिथंच उचलावा आणि पुढं द्यावा. तिसऱ्याला विचारायला पाठवायची काय गरज?

वायरवाला_नांदेड
बगल नाही, काका. बहुतेक ठिकाणी खरंच गरज नसते, प्रोग्रामरनं सोपा रस्ता धरलेला असतो. एक अडचण मात्र खरी आहे. तुमचं कनेक्शन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत आयपीव्ही६ नं गेलं आणि पुढच्या यंत्रणेला जुन्या पद्धतीचाच पत्ता पाहिजे असेल, तर तो मुद्दाम वेगळा विचारावा लागतो. तोही स्वतःच्या सर्व्हरला विचारता येतो, हे मान्य.

सीए_ऑफिस_संभाजीनगर
लहान कंपन्यांना तेवढं सांभाळणं परवडत नाही, हेही बघा. तुम्हाला वर्षाचं भाडं कमी पाहिजे आणि सर्व्हर सगळे स्वतःचे पाहिजेत.

कोरडवाहू (बीड)
स्वतःच्या सर्व्हरवर चार ओळींचं काम आहे ते. परवडत नाही म्हणे!

मोंढेकरी (परभणी)
भाच्याकडून फायरवॉलमध्ये ते विचारणं बंद करून घेतलं. पट्ट्या निघतात, बिलं छापतात, खतावणी जुळते. रिटर्नचं बटण दाबलं तेव्हाच सॉफ्टवेअर अडलं आणि "नेटवर्क एरर" म्हणालं. तेवढ्यापुरतं उघडलं, रिटर्न गेलं, परत बंद. म्हणजे पत्ता लागतो तो रिटर्नच्या वेळी, रोज सकाळी नाही. कंपनीला तसं लिहून पाठवलंय, की बटण दाबल्यावर विचारा आणि कशासाठी ते स्क्रीनवर मराठीत लिहा.

सीए_ऑफिस_संभाजीनगर
बंद ठेवा तुमच्या जबाबदारीवर. पण वीस तारखेला संध्याकाळी मुनीम उघडायचं विसरला तर लेट फी मला विचारू नका.