साताऱ्याहून बसने स्पिती: मनालीमार्गे जावे की किन्नौरमार्गे?

माहुलीचा प्रवासी:

नमस्कार. मी सातारा शहरात राहतो. यंदा माझे मामा आणि मी, असे दोघेजण स्पिती खोऱ्यात जाण्याचा विचार करीत आहोत. साताऱ्याहून गोवा एक्स्प्रेसने हजरत निजामुद्दीन, तेथून काश्मिरी गेटच्या बसस्थानकावरून रात्रीच्या बसने मनाली आणि दुसऱ्याच पहाटे हिमाचल परिवहनाच्या बसने कुंझुम खिंड ओलांडून काझा, असा आमचा बेत आहे. खासगी गाडी करायची नाही हे पक्के आहे. त्याला खर्चाचे कारण आहेच, पण तिकडच्या माणसांच्या शेजारी बसून प्रवास करण्याची आम्हा दोघांनाही आवड आहे. काझ्याला एक दिवस विसावा घेऊन पुढे लांगझा, कोमिक, देमुल, ल्हालुंग आणि धनकर असे गावोगाव मुक्काम करीत, सॅक पाठीवर टाकून चालत जायचे आहे.

आम्ही रोज पहाटे अजिंक्यतारा चढतो आणि रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने बरेच पुढे जातो. एवढा सराव पुरेसा आहे का? मामांचे वय अठ्ठावन्न असून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यामुळे घरातून विरोध होत आहे. शिवाय जूनचा दुसरा पंधरवडा आणि सप्टेंबर यांपैकी काय निवडावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

डोंगरवाटा:

आपला बेत चांगला आहे, मात्र तो उलट्या बाजूने आखलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मनाली सुमारे 2,050 मीटर उंचीवर आहे आणि काझा सुमारे 3,650 मीटरवर. म्हणजे सकाळी मनालीत बसमध्ये बसलेला माणूस त्याच रात्री सोळाशे मीटर अधिक उंचीवर झोपतो, आणि मधल्या वेळात साडेचार हजार मीटरच्या वरची कुंझुम खिंडही ओलांडतो. वाटेत बातल किंवा लोसर येथे कोणाला त्रास सुरू झाला, तर ही ठिकाणेसुद्धा चार हजार मीटरच्या आसपास असल्यामुळे लवकर खाली उतरण्याची सोय नसते. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज साधारण पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसाव्याचा ठेवावा, असे उंचीच्या आजारांचे अभ्यासक सांगतात. आपल्या बेतात हा नियम पहिल्याच दिवशी मोडतो.

किन्नौरच्या बाजूने गेल्यास हीच बस आपल्या मदतीला येते. दिल्लीहून शिमला आणि तेथून सतलजच्या काठाने रामपूरमार्गे रिकाँग पिओ गाठावे. पिओ सुमारे 2,300 मीटरवर आहे. त्याच्या वरच्या अंगाला असलेल्या कल्पा गावी स्थानिक बसने जाऊन दोन रात्री काढाव्यात. तेथून समोर किन्नर कैलास दिसतो, त्यामुळे विसाव्याचा दिवस कंटाळवाणा होत नाही. नंतर पिओहून सकाळी निघणारी काझ्याची बस धरावी, पण काझ्यापर्यंत न जाता ताबोला उतरावे. ही बस खाब येथील स्पिती-सतलज संगमावरून नाकोच्या चढाला लागते, 3,600 मीटरपर्यंत जाते आणि पुन्हा खाली येऊन ताबोला, म्हणजे सुमारे 3,280 मीटरवर, आपल्याला सोडते. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपणे शरीराला मानवते, आणि ते येथे आयतेच साधते. ताबोचा मठ इसवी सन 996 मधला आहे. तो घाईत उरकू नये.

पायी मार्गही मी उलटा करीन. काझ्याहून थेट लांगझाला मुक्काम केल्यास एका दिवसात सातशे मीटरची उडी बसते. त्याऐवजी ताबोहून काझ्याच्या बसने शिचलिंगला उतरून धनकरला चढावे. धनकर ही स्पितीची जुनी राजधानी असून ती सुमारे 3,900 मीटरवर आहे. तेथे दोन रात्री राहून मधल्या दिवशी वरच्या तळ्यापर्यंत जाऊन यावे आणि मग ल्हालुंग, देमुल व सर्वांत शेवटी 4,500 मीटरच्या वरचे कोमिक, असा क्रम ठेवावा. कोमिकहून काझ्याला केवळ उतरायचे असते.

जूनमध्ये कुंझुमचा रस्ता कधी खुला होईल हे बर्फावर अवलंबून असते. जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरच्या रस्त्यावर दरडी कोसळतात. स्पितीत मात्र पाऊस फारसा पोहोचत नाही. महाबळेश्वर भिजत असताना माण-खटाव कोरडे राहावे, तसाच तो प्रकार आहे. म्हणून सप्टेंबर उत्तम. कासची फुले त्या वर्षी चुकतील, पण त्याला इलाज नाही.

साताऱ्याचा डॉक्टर:

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. वैद्यकीय बाजू तेवढी लिहितो.

अजिंक्यताऱ्याच्या सरावाने हृदय, फुप्फुसे आणि पाय तयार होतात. परंतु विरळ हवेशी जुळवून घेण्याची शरीराची क्रिया त्याने सुरू होत नाही. अजिंक्यतारा समुद्रसपाटीपासून जेमतेम हजार मीटरवर आहे, महाबळेश्वरचा विल्सन पॉइंटही दीड हजारांच्या आत आहे आणि उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण वर गेल्यावरही एकवीस टक्केच राहते, पण हवेचा दाब घटत जातो; साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू कमी पडतो आणि शरीराला त्याची सवय होण्यास दिवस लागतात. उत्तम तब्येतीचा तरुण यातून सुटत नाही. उलट दम लागत नसल्यामुळे तो भराभर वर जातो आणि अधिक अडचणीत सापडतो.

डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे आणि झोप न लागणे ही पहिली लक्षणे आहेत. ती असेपर्यंत आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, बोलण्यात गोंधळ होणे किंवा सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकताना तोल जाणे यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी रुग्णाला खाली न्यावे. काझ्याला सरकारी रुग्णालय आहे, परंतु ‘सकाळपर्यंत पाहू’ हा विचार अशा वेळी जिवावर बेतू शकतो.

डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरील गोळीबद्दल प्रश्न येईलच. प्रतिबंधासाठी ती सहसा 125 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवी होणे हे तिचे नेहमीचे परिणाम आहेत. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मामांचा रक्तदाब गोळीने आटोक्यात असेल, तर केवळ त्या कारणाने प्रवास रद्द करण्याची गरज नसते. मात्र उंचीवर रक्तदाब वाढू शकतो आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही लघवी वाढवणाऱ्या असतात. म्हणून डायमॉक्स सुरू करण्यापूर्वी त्यांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवून सल्ला घ्यावा आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. प्रवासात मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य समजाव्यात.

मिरजेचा भटक्या:

डॉक्टरसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, पण ते वाचून कोणी सह्याद्रीतला सराव सोडू नये, एवढ्यासाठी लिहितो. आमच्या सांगली-मिरजेच्या मंडळींना दंडोबाच्या डोंगरावर समाधान मानावे लागते. आपल्याला तर दारात किल्ला आहे. पण रिकाम्या हाताने अजिंक्यतारा चढून उपयोग नाही. जी सॅक घेऊन जाणार, तीच भरून चढावे आणि मुख्य म्हणजे उतरावे, कारण गुडघे उतारावर बोलू लागतात. सज्जनगडाच्या पायऱ्या त्यासाठी उत्तम.

बसमध्ये शेवटच्या रांगा टाळाव्यात. त्या रस्त्यावर मागे बसणाऱ्याचे हाल होतात. सॅक टपावर किंवा डिकीत जाते, म्हणून पाणी, औषधे, लोकरीची टोपी आणि जाकीट जवळच्या पिशवीत ठेवावे. रोख रक्कम पुरेशी बाळगावी.

माहुलीचा प्रवासी:

सर्वांचे मनापासून आभार. किन्नौरमार्गे, सप्टेंबरमध्ये आणि धनकरकडून चालायला सुरुवात, असे आता ठरवतो. एकच शंका राहिली. ल्हालुंगहून देमुलचा चढ मामांना झेपला नाही, तर काय करावे? आणि परतीला कुंझुममार्गे मनालीला उतरणे सुरक्षित राहील का?

डोंगरवाटा:

धनकर, ल्हालुंग, देमुल आणि कोमिक या सर्व गावांपर्यंत गाडीरस्ता आहे. मामांनी त्या टप्प्यापुरती गाडी करावी आणि आपण गावातला वाटाड्या घेऊन चालत जावे. तेवढ्यासाठी खासगी वाहन न वापरण्याचा निश्चय मोडला, तरी हरकत नसावी. मात्र धनकरलाच डोके दुखू लागले, तर गाडीनेही वर जाऊ नये. ताबोला परत यावे.

परतीची शंका रास्त आहे. तोपर्यंत आपण चार हजार मीटरच्या वर झोपलेले असाल आणि खिंड ओलांडल्यावर उतारच आहे. त्यामुळे काझ्याहून सकाळच्या बसने मनालीला जाण्यास उंचीच्या दृष्टीने अडचण नाही. मात्र रस्ता खुला आहे आणि बस सुटणार आहे, याची खात्री आदल्या संध्याकाळी काझ्याच्या बसस्थानकावर करून घ्यावी आणि दिल्लीच्या परतीच्या गाडीपूर्वी दोन दिवस मोकळे ठेवावेत.

साताऱ्याचा डॉक्टर:

मामांच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवाव्यात, म्हणजे टपावरची सॅक हरवली तरी अडचण येणार नाही. तपासणीचे अहवाल आल्यावर काही शंका असल्यास येथेच विचारावे.