बेस क्लॅरिनेटवर मधला बी ते डी घोगरा येतोय, ई पासून वर मात्र स्वच्छ. काय बघू?

गोदाकाठ_फुंकर
नमस्कार मंडळी, मी पंचवटीत राहतो. १२ वर्षं लग्नाच्या बँडमध्ये साधं क्लॅरिनेट वाजवलंय आणि या दिवाळीत सेकंडहँड बेस क्लॅरिनेट घेतलं, प्लास्टिक बॉडी, खाली ई फ्लॅटपर्यंत जाणारं. खालचे सूर असे भरून येतात की मांडीला कंप जाणवतो, त्या आवाजासाठीच घेतलं खरं तर. पण रजिस्टरची चावी (वरच्या सुरांत नेणारी) दाबून मधला बी, सी, सी शार्प, डी वाजवायला गेलो की आधी खालून घुर्र्र येतं आणि मग सूर कधी लागतो कधी नाही, आणि ई पासून वर परत एकदम मोकळं! तीन रीड (माउथपीसवरची कंप पावणारी पातळ काडी) बदलून झाल्या. रोज दीड तास लाँग टोन (एकेक सूर लांब धरून) करतोय तरी तेच. ओठात दोष आहे का वाद्यात, हेच कळेना. ग्रुपमध्ये माझ्या वाट्याला जी ओळ आलीय ती नेमकी याच चार सुरांवर फिरते, त्यामुळे जीव अगदी टांगणीला लागलाय.

ठाण्याचा_टेनर
दादा, साध्या क्लॅरिनेटवरून आलेले बरेच जण माउथपीस तसंच खाली झुकवून आणि तोंड आवळून धरतात. बेसला ते चालत नाही. माउथपीस जास्त आडवं येऊ दे, थोडं जास्त तोंडात घे, खालचा ओठ सैल सोड आणि घसा जांभई देताना असतो तसा उघडा ठेव. पेग (वाद्य जमिनीवर टेकवायची खालची दांडी) कमी उंचीवर असेल तर मान वाकते आणि सगळं बिघडतं, तोही बघ. बेसची रीड मिळाली नाही तर टेनर सॅक्सची लावून बघ, बरेच जण तीच वापरतात. दोन आठवडे दे, येईल.

सातपूरची_कार्यशाळा
ठाणेकरांचं बरोबर आहे पण मला हे तोंडाचं वाटत नाही. तोंडाचा दोष असता तर वरचे सूरही अडले असते, इथे बरोबर डी ला संपतंय आणि ई ला सुटतंय, म्हणजे यंत्राचा दोष. आधी सांगा, रजिस्टरची भोकं किती आहेत, एक का दोन?

असं असतं बघा, रजिस्टर चावी एक बारीक भोक उघडते म्हणून सूर बाराव्या स्वरावर उडी मारतो. खरं तर प्रत्येक सुराला ते भोक वेगळ्या जागी पाहिजे. छोट्या क्लॅरिनेटला एका भोकात भागतं, बेसची नळी एवढी लांब की तडजोड जड जाते, म्हणून चांगल्या वाद्यांना दोन भोकं देतात, एक वर गळ्यावर (ती वाकडी धातूची नळी) आणि एक खाली बॉडीवर. उजव्या हाताची अनामिका खाली असली की खालचं उघडतं, बी ते डी शार्प त्याच्यावर. अनामिका उचलली की खालचं बंद होऊन गळ्यावरचं उघडतं, ई पासून वर ते.

आता करायचं असं. अंगठ्याने रजिस्टर चावी दाबून ठेवा आणि फक्त अनामिका दाबा-सोडा करा, भोकं झाकणारे दोन पॅड तराजूसारखे वरखाली झाले पाहिजेत. मग अनामिका दाबलेली असताना सिगारेटच्या कागदाची पट्टी गळ्यावरच्या पॅडखाली सरकवून ओढा. सहज निघाली तर तो पॅड नीट बंद होत नाही, चोर सापडला. खात्री करायला तो पॅड रबर बँडने घट्ट बांधा आणि बी-सी-डी वाजवा. स्वच्छ आले तर दुसरं काही शोधू नका.

मंद्रसप्तक
एक छोटी भर. सध्या आपल्याकडे थंडी आहे आणि धातूचा गळा गार असतो, फुंकेची वाफ तिथेच पाणी होऊन भोकात बसते. पण ते गुळगुळ वाजतं, घुर्र नाही, आणि ई च्या वर त्रास देतं. तुमचं उलट आहे. मीसुद्धा आठ महिने स्वतःच्या दमाला दोष देत होते हो, फार वाईट वाटतं त्याचं, म्हणून आधी वाद्य तपासाच.

गोदाकाठ_फुंकर
दोन भोकंच आहेत! पट्टी सुळकन निघाली. रबर बँड बांधला आणि पहिल्याच फुंकेत बी लागला, डोळ्यांत पाणी आलं. टॉर्च मारून बघितलं तर गळ्यावरच्या चावीला खालून ढकलणारी पिन पूर्ण खाली जातच नव्हती, तिच्या दांडीखाली कॉर्कचा पातळ तुकडा असायला हवा तिथे नुसता वाळलेला गोंद. नवा कॉर्क किती जाड लावू?

सातपूरची_कार्यशाळा
मापात नका सांगायला लावू. जाड लावा आणि बारीक पॉलिश पेपरने घासत जा, दर दोन घासण्यांनी पट्टीची परीक्षा. कागद दोन्ही पॅडना आपापल्या वेळी घट्ट धरला की थांबा. आणि वाद्य जोडताना गळा चावीला धरून फिरवू नका, त्यानेच ती वाकते.

गोदाकाठ_फुंकर
काल रात्री बसवला, सहा वेळा घासावा लागला. आज सकाळी बी ते डी सरळ, घुर्र नाही. डी वरून ई ला जाताना अजून जरा धक्का बसतो, अनामिका उशिरा उचलली जातेय, तेवढं माझं मी बघतो. ठाणेकर दादा, पेग दोन बोटं वर घेतला, मान दुखायची थांबली.