क्वानेफेल्डची खाण ‘पडून’ कुठे आहे?

धोंडोपंत_भूगर्भवाले: काल इथे एकांनी लिहिलं, “ग्रीनलंडच्या क्वानेफेल्डला सत्तर वर्षं रेअर अर्थचा खजिना पडून आहे आणि मूठभर मेंढपाळांच्या हट्टापायी जग चीनच्या दारात उभं आहे.” (रेअर अर्थ म्हणजे मॅग्नेट वगैरेंना लागणारी धातूंची मूलद्रव्यं.) डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

पडून? डेन्मार्कला तिथलं युरेनियम हवं होतं. १९५७ साली खुद्द अणुशास्त्रज्ञ नील्स बोर डोंगराजवळच्या नार्साक गावी येऊन गेले. मग ड्रिलिंग झालं, १९७९-८० मध्ये डोंगरात जवळपास किलोमीटरभर बोगदा खणला, हजारो टन धोंडा जहाजाने डेन्मार्कमधल्या रिसोच्या अणुप्रयोगशाळेत नेला. १९८५ ला डेन्मार्कने अणुवीज नको म्हटलं आणि फाइल बंद! २००७ मध्ये ऑस्ट्रेलियन कंपनी आली आणि तोच डोंगर रेअर अर्थची खाण म्हणून बाजारात मांडला. २०१३ ला ग्रीनलंडच्या संसदेने युरेनियमबंदी १५ विरुद्ध १४ मतांनी उठवली. २०२१ ला खाणीचे विरोधक निवडून आले आणि १०० पीपीएमच्या (दहा लाखांत शंभर भाग) वर युरेनियम असलेल्या साठ्यांना पुन्हा बंदी. तिथल्या स्टीनस्ट्रुपिन खनिजात रेअर अर्थ, युरेनियम, थोरियम एकत्रच आहेत. हवं ते उचला, नको ते तिथेच ठेवा, असं होत नाही.

कंपनीचा वाहतुकीचा आराखडा तरी वाचलात का? बंदर नार्साकच्या शेजारी. तिथून खाणीपर्यंतचा रस्ता नार्साकच्याच दरीतून, मेंढ्यांच्या कुरणांना खेटून. खनिज काढून उरलेला गाळ वरच्या तासेक तळ्यात. खाली तेराशेच्या आसपास वस्तीचं गाव.

चाकणकर: ते वाक्य माझंच, आणि मागे घेणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात रेअर अर्थच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. माझा मोटारीच्या सुट्या भागांचा छोटा धंदा आहे. मॅग्नेट येईनात म्हणून दोन पोरांना घरी बसवावं लागलं. त्यांना सांगा तुमची स्टीनस्ट्रुपिन. आणि ग्रीनलंड सरकारचा निम्म्याच्या आसपास खर्च डेन्मार्कच्या अनुदानावर चालतो. स्वतंत्र व्हायचंय, पण खाण नको!

धोंडोपंत_भूगर्भवाले: त्या ऑस्ट्रेलियन कंपनीत २०१६ ला चीनच्या शेंगहे कंपनीने साडेबारा टक्के वाटा घेतला. माल शुद्धीकरणाला कुठे जाणार होता असं वाटतं, चाकणला?

सांगेकर: रस्त्याचा विषय निघालाच आहे तर बोलतो. आराखड्यात रस्ता म्हणजे एक रेघ असते. आमच्या गोव्यातल्या सावर्डे-कुडचड्याला विचारा. खनिजाचे ट्रक गावातून जेटीपर्यंत, तिथून बार्ज जुवारीतून मुरगावला. ताडपत्री नावाला. शाळेच्या गणवेशाचा मूळ रंग कुठला, हे धुतल्यावरच कळायचं. वेगळा रस्ता होणार म्हणून आमचे आजोबा ऐकत आले.

कुळागरवाला: झालं सुरू. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा माझ्या मामाच्या दोन ट्रकांचे हप्ते चालू होते. मधे थोडं सुरू झालं, २०१८ ला कोर्टाने परत थांबवलं. एक ट्रक भंगारात गेला, दुसरा बँकेने नेला. धूळ खाणाऱ्यांवर सगळे लिहितात. ट्रकवाल्याच्या चुलीवर कोण लिहितो?

सांगेकर: तुझ्या मामाने खेपा वाढवायला कशी चालवली गाडी, ते पण लिही. माझी चुलतबहीण त्याच रस्त्यावर स्कूटरवरून पडली. पाय अजून सरळ नाही.

कुळागरवाला: माझ्या मामाने पाडली का? शब्द जपून वापर. खेपेवर पैसे देणारा वेगळाच होता आणि तो बंगल्यात बसला होता.

सांगेकर: बंगल्यातल्याबद्दल वाद नाही. पण ब्रेकवर पाय ड्रायव्हरचाच असतो.

बर्फाळ_बाई: गोव्याच्या भांडणाला वेगळा धागा काढा ना. डेन्मार्कमध्ये राहते, नार्साकला जाऊन आले आहे. मी गेले तेव्हा नार्सार्सुआकच्या विमानतळावर (तोही अमेरिकनांनी १९४१ मध्ये युद्धासाठी बांधलेला) उतरायचं, पुढे हेलिकॉप्टर किंवा बोट. दोन गावांना जोडणारा रस्ता तिथे जवळपास नाहीच. आणि जहाजं हिवाळ्यात अडतील असं समजू नका. पूर्व किनाऱ्याचा समुद्री बर्फ दक्षिण टोकाला वळसा घालून वसंतात, कधी उन्हाळ्यापर्यंत या फ्योर्डांच्या (डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाड्यांच्या) तोंडाशी येऊन अडतो. आपल्याला वाटतं ऊन पडलं की वाट मोकळी! बोटवाल्याने चहा पाजला, बर्फ हलेपर्यंत बसवलं. खाणीचा विषय काढला तर म्हणाला, भाऊ बाजूने, मी विरोधात, जेवायला मात्र एकत्र. मेंढपाळ-मेंढपाळ काय लावलंय? मासेमारीवरची घरं जास्त आहेत.

चाकणकर: शेंगहेचं ठीक आहे, घ्या एक मार्क. पण जवळच क्राकोर्टोक गावाच्या बाजूला तान्ब्रीझ हा रेअर अर्थचा दुसरा साठा आहे. तिथे युरेनियम कमी, कायदा आडवा येत नाही. त्यालाही नाकं मुरडणार का?

धोंडोपंत_भूगर्भवाले: तान्ब्रीझला माझा विरोध नाही. मात्र तिथलं युडिअलाइट हे खनिज फोडून मोठ्या प्रमाणावर रेअर अर्थ काढण्याचा धंदा अजून कोणी बसवून दाखवलेला नाही. तुमच्या पोरांना त्या आशेवर बसवू नका. आपल्याच केरळातल्या चवऱ्याच्या, तमिळनाडूतल्या मनवलकुरिचीच्या वाळूत मोनाझाइट हे रेअर अर्थचं खनिज आहे, ते काढणारी सरकारी कंपनी आयआरईएल १९५० पासून आहे, तरी मॅग्नेट बाहेरूनच आणता ना? खाणीच्या पुढचे कारखाने मागा.

चाकणकर: मागतोय की. परवानगी मिळेपर्यंत पगार तुम्ही द्या.

कुळागरवाला: आणि सांगेकर, मामाचा नंबर खासगी निरोपात पाठवतो. समोरासमोर विचार त्याला, ब्रेकवर पाय कोणाचा होता ते.