झोल, लोचा, राडा, वांदा: कुठला कुठे?

प्रश्न: मुंबईकडच्या बोलण्यात हे चारही शब्द ‘गडबड’ या अर्थानं कानावर पडतात. एकाच्या जागी दुसरा चालतो का?

उत्तर: नाही चालत. त्यातही पहिल्या दोघांची अदलाबदल अंगाशी येते. ‘बिलात लोचा आहे’ म्हणजे बेरीज, तारीख, काहीतरी चुकलंय. दोष कुणाला दिलेला नाही. ‘बिलात झोल आहे’ म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलंय. बिल करणाऱ्यासमोर हे बोललात, तर तो सरळ आरोप झाला.

कपडे वाळत घालायची दोरी ताणून बांधली नाही की मध्ये लोंबते, तो मूळचा झोल. कापड बेतशीर बसलं नाही तरी झोल येतो. क्रियापदाकडे लक्ष द्या: दोरीला झोल ‘पडतो’, व्यवहारात तो ‘करतात’. करणारा आला की हेतूही आला. लोचा बहुतेकदा ‘होतो’. ‘त्यानं लोचा केला’ म्हटलं तरी त्यात वेंधळेपणा असतो, लबाडी नसते.

भर: राडा म्हणजे मुळात चिखल. ‘पावसानं अंगणात राडा झालाय’ हे सातारा-कोल्हापूरकडे आजही साधं वाक्य आहे, त्यात भांडण शोधू नये. पाडकामानंतरचा विटामातीचा ढीग तो राडारोडा. मुंबई-पुण्यात मात्र राडा म्हणजे हाणामारी. नुसत्या शब्दाला शब्द वाढला तर ती बाचाबाची. राडा म्हणायला निदान धक्काबुक्की तरी हवी.

वांदा गुजरातीतल्या ‘वांधो’चा भाऊबंद; तिथे त्याचा अर्थ हरकत. ‘आपल्याला काय वांदा नाही’ यात तोच अर्थ आहे. टंचाई सांगायची तर सहसा अनेकवचन येतं: पाण्याचे वांदे, खायचे वांदे.

शंका: ‘वाट लावणे’ नेहमी वाईटच का? ‘विल्हेवाट लावणे’ तर वाईट नाही.

उत्तर: फार चांगला मुद्दा. इथे सगळी करामत प्रत्ययाची आणि जोडशब्दाची आहे. ‘कचऱ्याची विल्हेवाट लावली’ म्हणजे कामाचा नीट निकाल लावला. ‘गाडीची वाट लावली’ म्हणजे नासधूस केली. ‘पाहुण्यांना वाटेला लावलं’ म्हणजे निरोप देऊन रवाना केलं, तर ‘त्याच्या वाटेला जाऊ नकोस’ म्हणजे त्याची कुरापत काढू नकोस. ‘मार्गी लावणे’ यात मार्ग म्हणजे वाटच, पण अर्थ अगदी उलटा: ‘मुलांना मार्गी लावलं’ हे कौतुक, ‘मुलांची वाट लावली’ हा ठपका.

मराठी नव्यानं शिकणारे ‘माझा वाट लागला’ म्हणतात. वाट स्त्रीलिंगी आहे, तेव्हा ‘माझी वाट लागली’. आणि वाट आपोआप ‘लागते’, कुणीतरी ‘लावतो’. पावसानं चपलेची वाट लागली, पण धोब्यानं शर्टाची वाट लावली.