मदत हवी आहे: डेंग्यूसाठी सोसायटीची पाहणी हवामान बघून कशी आखावी?

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत डासांच्या पाहणीचं काम यंदा माझ्याकडे आलंय. आजवर रुग्ण सापडला की धूरफवारणी, एवढंच व्हायचं. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. म्हणून आधीपासून सुरुवात करायची आहे.

इथल्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा २०२५ मधला अभ्यास वाचला. सरासरी तापमान २७ अंशांच्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि आठवडाभर विखुरलेला मध्यम पाऊस, हे जुळून आलं की शहरात डेंग्यूचा धोका वाढतो. उलट आठवड्यात १५० मिलिमीटरहून जास्त कोसळला तर अंडी-अळ्या वाहून जातात. शिवाय उबेत विषाणू डासाच्या अंगात लवकर वाढतो. म्हणजे मुसळधार पावसापेक्षा सर आणि उघडीप असे दिवस जास्त जपायचे. हे प्रत्येक घरात पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता अडलंय ते असं. उघडिपीच्या दिवसांत आठवड्यातून एकच कोरडा दिवस (साठलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायचा) पुरतो का? अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवसच लागतात, म्हणून विचारतेय. डेंग्यू पसरवणाऱ्या ईडिस डासाची अंडी कोरडी असतानाही कित्येक महिने टिकतात, तर पिंपं मे महिन्यातच घासून घेता का? लिफ्टच्या खड्ड्यातल्या पाण्याचं काय करता? आणि सगळ्यात अवघड म्हणजे कुलूपबंद फ्लॅटच्या बाल्कनीतल्या कुंड्या. मालक परगावी असले तर तिथवर कसं पोचता?