‘मिळालं’ तर सगळेच म्हणतात, वापरतात का ते कसं विचारू?

वर्धेकर_मुलगी:
एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय: सरकारी खर्चाच्या पुनर्वसन सेवांचा दिव्यांगांना खरा उपयोग किती होतो. राळेगाव तालुक्यातली चार गावं घेतली, लाभार्थ्यांच्या यादीवरून घरोघरी फिरले, आणि आता डोकं धरून बसले आहे.

प्रश्नावलीत दोन प्रश्न आहेत, ‘साहित्य मिळाले का?’ आणि ‘लाभ झाला का?’ दोघे सोडून सगळे दोन्हींना ‘हो’ म्हणाले. पण परवा एका काकांच्या ओसरीत तीनचाकी सायकल दिसली. सीटवर ढेपेचं पोतं, हँडलला लसणाच्या जुड्या, चेन काढून खुंटीला टांगलेली. काका म्हणतात, “लय चांगली गाडी देल्ली सरकारनं.” मी मुकाट्यानं ‘हो’वर खूण केली.

मॅडम म्हणाल्या, जागतिक आरोग्य संघटनेची १२ प्रश्नांची व्होडास ही प्रश्नावली वापर. त्यात मागच्या ३० दिवसांत एक किलोमीटर चालायला किती त्रास झाला, असं विचारतात. एका आजोबांनी मलाच विचारलं, “कोन्ता किलोमीटर? डांबराचा का वावराचा?” काय सांगू त्यांना?

डावा_पाय:
ताई, मी अशाच यादीतला मानूस, शेजारच्या तालुक्यातला. २०१७ मध्ये ट्रॅक्टरखाली डावा पाय गेला, गुडघ्याच्या खालून. शिबिरात जयपूर फूट भेटला. माप घेतलं तवा जखम भरून चारच महिने झाले होते, थोटूक सुजलेलं. वर्षभरात मांस उतरलं अन् पाय ढिला झाला. मंग एकावर एक तीन मोजे चढवले. मे महिन्यात आमच्याकडं ४५ डिग्री, आत घाम साचते, कातडं सोलून निघते. वावरात मी पाय घालतच नाही, कुबडीवर जातो. पण लग्नाला जाचं असलं का घालतो. फुलपँट घातली का कोणाले समजत नाही. आता सांगा, मी वापरतो का नाही वापरत? तुमच्या कागदावर माही चौकट कोन्ती?

दुरुस्तीले जिल्ह्याले जा लागते. एसटीत ७५ टक्के सवलत हाय, पण एसटी गावात येते कुठं? फाट्यापर्यंत ऑटो, त्याले काई सवलत नाही. एकदा मापाले, एकदा फिटिंगले, बायको संग. दोघांचीबी मजुरी बुडते. कापूस वेचाच्या दिवसात तर विषयच नाही.

अन् एक खरं सांगा, तुमच्यासंग ग्रामपंचायतीचा शिपाई होता ना? मंग झालं. निराधारचा पगार बंद होईन म्हणून मानूस ‘हो’च म्हणते. मीबी म्हटलं असतं.

लाभबिभ विचारू नका. काल सकाळी उठल्यापासून कुठं कुठं गेले, थे विचारा. वावरात कसे गेले, संडासले कसे गेले. मंग म्हणा, पाय दाखवा. खाटेखालून काढला तर त्याच्यावरची धूळ पाहा, काई विचाराची गरज नाही.

सॉकेटवाला:
कृत्रिम अवयवांच्या कार्यशाळेत बरीच वर्षं काढली आहेत. वरच्या दादांचं झालं ते नवलाचं नाही. पाय कापल्यावर पहिल्या वर्षात स्टंप, म्हणजे थोटूक, आकसतोच, म्हणून पहिलं सॉकेट (थोटूक बसतं तो कृत्रिम पायाचा वरचा भाग) तात्पुरतंच धरायचं असतं. केंद्राच्या एडिप योजनेत (दिव्यांगांना साहित्य देणारी, १९८१ पासून आहे) तेच साधन पुन्हा मिळायला साधारण तीन वर्षं थांबावं लागतं. मधल्या काळात माणूस मोजे चढवत बसतो आणि कागदावर ‘लाभार्थी’ राहतो. तुम्ही दोन गोष्टी लिहाच: शस्त्रक्रिया आणि माप यांत किती महिने गेले, आणि सध्या किती मोजे घालतात. मोज्यांचा आकडा खोटा सांगायला कोणाला सुचत नाही.

आशा_पोडावरची:
यादी घेऊन फिराल तर यादीतलेच भेटतील. कोलाम पोडावर (आदिवासी वस्तीवर) एक मुलगी आहे, अकरा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात). यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नाही, कारण मेडिकल बोर्डासमोर ती कधी गेलीच नाही. मुठी उघडत नाहीत म्हणून आधारलाच अडलं होतं. बापानं अंगणात दोन बांबू आडवे बांधलेत, ती त्यांना धरून रोज उभी राहते. हे तुमच्या प्रबंधात बसतं का माहीत नाही. बसवा.

वर्धेकर_मुलगी:
काल काकांकडं परत गेले, शिपायाला न सांगता. म्हटलं, काका, काल कुठं कुठं गेलात? ते वावरात बैलबंडीवर गेले होते, घरचा पोऱ्या उचलून बसवतो. सायकल पावसाळ्यात नाहीच चालत, काळी माती चाकांना चिकटून मडगार्डमध्ये गच्च बसते. मग चेन का काढली? काकू हसल्या. “ढकलाले आड येते ना वो!” हापशीवरून पाण्याच्या चार कॅन त्या रोज सायकलीवर ठेवून आणतात. ढेपेचं पोतंही दुकानातून तसंच आणलेलं. म्हणजे गाडी रोज चालते, काका सोडून. परवाची ‘हो’ खोडली, पण ‘नाही’ लिहायलाही हात धजेना. शेजारी कॅन, पोतं, बंडी एवढंच लिहून ठेवलंय, मॅडम काय म्हणतात पाहू. दादा, किलोमीटरच्या प्रश्नापुढं डांबर आणि वावर असे दोन रकाने केलेत.

आशाताई, पोडावर यायचं तर कोणत्या फाट्यावर उतरू?